रोहूचा प्रतिकार

भिलाई म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गजवळच्या एका खेड्याचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. त्या काळात कामाच्या शोधात विदर्भातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. त्यांच्या घरांत गणपती बसतो आणि शेजारच्या घरचा ठेठरी-खुरमीही आवडीने खाल्ला जातो. मला मात्र आज पोलादाविषयी बोलायचे नाही. कारखान्याच्या धुरांड्यांपासून सायकलीवर तासभर दूर गेले की जो मुलूख लागतो, त्या तळ्यांच्या मुलुखाविषयी, आणि त्या तळ्यांतील माशांविषयी मी बोलणार आहे.

छत्तीसगडात एखाद्या गावाची थोरवी सांगायची झाली तर तेथे ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असे सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. येथे तळ्याचे लग्नही लावतात. मधोमध लाकडी खांब रोवून, यथाविधी, गावजेवण घालून. महसुली दप्तरात या तळ्यांना ‘निस्तारी’ म्हणतात. स्नान, धुणे, गुरांचे पाणी या सर्वांवर गावाचा हक्क असतो आणि तो ‘निस्तार पत्रक’ नावाच्या कागदात नोंदलेला असतो. मासे मात्र पट्ट्याने दिले जातात. पंचायत पट्टा देते, ढीमर किंवा केवट समाजाची एखादी सहकारी समिती तो घेते, आषाढ-श्रावणात बोटुकली सोडते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहते. एका तळ्यावर असे दोन हक्क नांदत असले की तंट्याला निमित्त लागत नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात अशाच एका तंट्याचे कागद माझ्यापुढे आले. गावाचे नाव मी सांगत नाही. तळ्यातील मासे मेले होते. नव्या पट्टेदार समितीची तक्रार अशी होती की, ज्याच्या घराण्याकडे पूर्वी पट्टा होता त्या घरातील धाकट्या मुलाने द्वेषाने रात्री पाण्यात विष घातले. सोबत पंचनामा होता. पंचांच्या सह्या होत्या, काहींचे अंगठे होते, आणि निष्कर्ष ठाम होता: विषप्रयोग. पोलिसांनी त्या मुलाला दोनदा बोलावून नेले होते. गावाने त्याहून पुढची पायरी गाठली होती. त्याची गुरे तळ्यावर येऊ द्यायची नाहीत असे ठरले होते, आणि तो रोज ती हाकून तांदुळा धरणाच्या कालव्यावर नेत होता. निस्तार पत्रकानुसार तळ्यावर त्याचा जो हक्क होता तो कोणाच्याही ठरावाने जात नाही. परंतु हक्क कागदावर असतो आणि काठ्या तळ्याच्या पाळीवर असतात.

मी संस्कृतचा एम. ए. आहे. माशाशी माझा परिचय अमरकोशातील पर्यायांपुरता आणि रविवारच्या ताटापुरता. पण कागद वाचण्याची सवय नोकरीने लावलेली आहे, आणि या पंचनाम्यात काहीतरी खटकत होते. मासे एका रात्रीत मेले नव्हते. पहिल्या दिवशी पाच-सहा, चौथ्या दिवशी टोपलीभर, आणि हे नवव्या दिवसापर्यंत चाललेले. मेलेल्यांत रोहू आणि मृगळ अधिक होते. अंगावर लाल चट्टे, काहींची पोटे फुगलेली, खवले उभे राहिलेले. आणि बेडकांविषयी एक अक्षर नव्हते.

बेडकांचे मला सुचले नव्हते. ते सांगितले माझ्या एका स्नेह्याच्या मुलीने. ती मत्स्यविज्ञानात संशोधन करते आणि त्या सुमारास सुटीत आमच्याकडे आली होती. पंचनाम्यातील वर्णन मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “काका, विष असते तर ते रोहू आणि बेडूक असा भेद करीत नाही. गोगलगायी, पाणकिडे, पाणसाप, सगळेच वर आले असते, आणि एकदम आले असते. प्राणवायू कमी पडला असता तर मासे पहाटे तोंड वर करून तडफडले असते, आणि अंगावर चट्टे नसते. हे तर दुखणे दिसते.” मी दुसऱ्याच दिवशी तळ्यावर गेलो. पाळीवर उभा राहिलो आणि बेडूक पाहिले. चांगले धष्टपुष्ट होते.

आता हे दुखणे काय असते ते थोडक्यात सांगतो. गोड्या पाण्यात ‘एरोमोनास हायड्रोफिला’ नावाचा एक जीवाणू राहतो. तो बाहेरून यावा लागत नाही. विहिरीत, नदीत, तळ्याच्या गाळात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही तो असतो. दांडीसारखा आकार आणि एका टोकाला चाबकासारखे शेपूट. त्याच्या जोरावर तो पोहतो. एरवी त्याचा उपद्रव नसतो. तळ्यात गर्दी झाली, पाणी बिघडले, थंडीचा कडाका आला, माशाला इजा झाली, म्हणजे हाच शेजारी चोर होतो. रक्तात शिरतो, कातडीखाली रक्तस्राव होतो, पोटात पाणी साठते. मात्र जखमेत तो सापडला म्हणजे गुन्हा त्यानेच केला असे समजण्याची घाई करू नये. १९८८ साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर व्रण पडण्याची भयंकर साथ शिरली. आग्नेय आशियातून आलेल्या त्या रोगात व्रणांत हेच जीवाणू मिळत, म्हणून प्रारंभी दोष त्यांच्यावर गेला. मूळ कारण ‘अफॅनोमायसिस’ नावाची पाण्यातली बुरशीसारखी एक जात होती असे पुढे ठरले. म्हणून जाणते लोक व्रणातील नमुन्यावर विसंबत नाहीत. ताज्या मेलेल्या किंवा मरणोन्मुख माशाचे पोट उघडून मूत्रपिंडातील नमुना घेतात. तेथपर्यंत वाटसरू पोहोचत नाही.

तसा नमुना पाठविण्यात आला. उत्तर यायला तीन आठवडे लागायचे होते. त्या तीन आठवड्यांत, बहुधा माझे अज्ञान तिला पाहवेना म्हणून, त्या मुलीने मला माशाच्या शरीरातील जी व्यवस्था समजावून सांगितली, ती सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे आहे.

आपल्याला वाटते, मासा हा बिचारा मुका जीव. परंतु रोहूला स्वतःचे सैन्य आहे, आणि ते जुने, कसलेले आहे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा ही पहिली तटबंदी. त्या बुळबुळीत ‘लायसोझाइम’ नावाचे द्रव्य असते, जे जीवाणूंची भिंत विरघळविते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या सहा वर्षे आधी, १९२२ मध्ये, माणसाच्या नाकातील शेंबडात आणि अश्रूंत जे शोधले तेच हे. बुळबुळ खरवडली गेली की तट फुटला. आत गेल्यावर दुसरी फळी. आपल्या हाडांत रक्तपेशी घडविणारी मज्जा असते. माशाच्या हाडांत ती नसते. तिचे काम मूत्रपिंडाचा पुढचा, डोक्याकडचा भाग करतो. तेथे आणि प्लीहेत पांढऱ्या पेशी तयार होतात, आणि त्यांतल्या काही शत्रूला सरळ गिळतात. हे गिळणे प्रथम पाहिले रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांनी. १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पेशी काट्याभोवती जमलेल्या पाहिल्या. त्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पेशीला शत्रू ओळखू कसा येतो? याचे उत्तर माशीपासून मिळाले. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड या जर्मन विदुषीला १९८५ मध्ये फळमाशीच्या गर्भात एक विलक्षण दोष दिसला, आणि त्यांच्या तोंडून उद्गार निघाला, ‘टोल!’ म्हणजे ‘अफलातून!’ त्या जनुकाचे नावच ‘टोल’ पडले. १९९६ मध्ये झूल हॉफमान यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की हेच जनुक प्रौढ माशीला बुरशीपासून वाचविते. १९९८ मध्ये ब्रूस बॉय्टलर यांनी उंदरात त्याचा भाऊबंद शोधला. तो जीवाणूंच्या बाह्य कवचातील एका स्निग्ध द्रव्याची चाहूल घेतो. २०११ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि स्टाइनमान यांना मिळाले. पेशीच्या दारावर बसलेले हे पहारेकरी माशांतही आहेत. एक पहारेकरी जीवाणूच्या पोहण्याच्या शेपटाला ओळखतो. म्हणजे एरोमोनास ज्या साधनाने आत येतो तेच त्याची चहाडी करते. क्रमांक बावीसचा एक पहारेकरी माशांत आहे आणि माणसात नाही. उलट, ज्या स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म मात्रेने माणूस अत्यवस्थ होतो, ते माशाला बऱ्याच मोठ्या प्रमाणात सहन होते. सृष्टीने आपल्याला सगळेच अधिक दिले आहे असे नाही.

पहारेकऱ्याने हाक दिली की ती पेशीच्या गाभ्यापर्यंत जाते, आणि तेथे जनुके जागी होतात. ‘जनुक जागे होते’ म्हणजे काय, हे मला काही केल्या कळेना. शेवटी तिला मी आमच्या दप्तरखान्याचा दृष्टान्त दिला आणि तिने तो मान्य केला, म्हणून येथे सांगतो. महसूल खात्यात मूळ अभिलेख दप्तरखान्याबाहेर जात नाही. ज्याला खसऱ्याचा उतारा हवा त्याने अर्ज करावा, शुल्क भरावे, आणि नक्कल न्यावी. पेशीच्या गाभ्यातील जनुके हे मूळ अभिलेख. तेथून निघणारा संदेशवाहक आर. एन. ए. म्हणजे नक्कल. ती बाहेर येते, तिच्यावरून प्रथिन बनते, आणि थोड्या वेळाने ती फाडून टाकली जाते. आमच्याकडे एखाद्या गावातील एका खसऱ्याच्या नकलांसाठी अचानक अर्जांचा पाऊस पडला तर गावात न जाताही नक्कल-लिपिक सांगू शकतो की त्या जमिनीवर भांडण पेटले आहे. माशाच्या अंगात कोणत्या जनुकाच्या नकला किती निघाल्या हे मोजले, तर शरीराने कोणती लढाई हाती घेतली आहे ते कळते. शास्त्रज्ञ याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

मोजण्याची रीत कष्टाची आहे. निरोगी रोहू टाक्यांत ठेवतात. एका गटाला जीवाणू टोचतात, कधी जिवंत, कधी मारलेले, कधी नुसते त्यांच्या कवचातील द्रव्य; दुसऱ्या गटाला केवळ मिठाचे पाणी. मग तीन तासांनी, सहा तासांनी, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस तासांनी थोडेथोडे मासे काढून त्यांचे मूत्रपिंड, प्लीहा, यकृत आणि कल्ले तपासतात. नक्कल फार नाजूक असते, हाताच्या घामानेही नासते. म्हणून प्रथम तिच्यावरून टिकाऊ डी. एन. ए. बनवितात. हे उलटे लिखाण करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधले. मग त्या डी. एन. ए. ची पटीपटीने वाढ करून मूळ नकला किती होत्या याचा हिशेब मांडतात, आणि ज्या जनुकाचे काम शांततेत व युद्धात सारखेच चालते असे एखादे जनुक मापदंड म्हणून शेजारी ठेवतात. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत रोहू, कटला आणि मृगळ यांच्यावर असे प्रयोग झाले आहेत. पहारेकऱ्यांच्या जनुकांच्या नकला जीवाणूंच्या उद्दीपनाने वाढतात असे त्यांत दिसले आहे. सर्वसाधारण क्रम असा की दाह पेटविणारी द्रव्ये तासांत येतात, आणि नेमक्या त्या शत्रूसाठी घडविलेली प्रतिद्रव्ये यायला आठवडे लागतात. तीही पाणी उबदार असेल तर. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठले की त्याचा कारखानाही मंदावतो. आमच्या तळ्यातील मासे पौषात का मेले याचे अर्धे उत्तर येथे होते.

मी तिला विचारले, ज्या माशाच्या नकला अधिक तो मासा जगणारच ना? ती हसली. “काका, ज्याने नकला जास्त काढल्या तो खटला जिंकतो का?” मी निरुत्तर झालो. जो मासा मरणार आहे त्याच्याही अंगात नकलांचा गोंधळ माजलेला असतो, कारण शत्रू सर्वत्र पसरलेला असतो. शिवाय दाह फार भडकला तर तो स्वतःचेच घर जाळतो. म्हणून आकड्यावरून निकाल लावता येत नाही. जगणारे आणि मरणारे अशी दोन्ही कुळे शेजारी ठेवून पाहावी लागतात. ते कामही आपल्याकडे झाले आहे. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील ग्रंथात ज्या रोहूला शास्त्रीय नाव दिले, त्याची निवडपद्धतीने सुधारलेली जात नॉर्वेच्या सहकार्याने भुवनेश्वरला तयार झाली. ती स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९७ मध्ये, ‘जयंती’ या नावाने बाहेर आली. पहिली निवड वाढीसाठी होती. पुढे एरोमोनासला तोंड देणारी आणि त्याला बळी पडणारी अशी कुळे वेगळी करून, २०१२ मध्ये भारतीय आणि नॉर्वेच्या संशोधकांनी त्यांच्यातील नकलांची तुलना प्रसिद्ध केली. २०२० मध्ये रोहूच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडाही आला.

मारलेला जीवाणू टोचूनही शरीर चेतते, ही गोष्ट लसीचा पाया आहे. डफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९४२ मध्येच ट्राउट माशांना खाद्यातून मृत जीवाणू चारून त्यांना रोगापासून वाचविले होते. नॉर्वेत सामन माशांच्या शेतीत १९८७ च्या सुमारास वर्षाला पन्नास टनांच्या जवळपास प्रतिजैविके वापरली जात. चांगल्या लशी आल्या, आणि उत्पादन अनेक पटींनी वाढूनही औषध नाममात्र उरले. तेथे प्रत्येक पिलाला टोचतात. आपल्या रोहूला एकेक करून टोचणे परवडणार नाही. ढीमराची दिवसाची मजुरी त्यातच जाईल. खाद्यात यीस्टचे द्रव्य, हळद, लसूण मिसळून प्रतिकार वाढतो का, याचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. नकला वाढल्याचे पुष्कळांनी लिहिले आहे. टाकीतील नकला आणि तळ्यातील मासे यांच्यामध्ये फार मोठी पाळ आहे, एवढेच माझ्यासारख्याने म्हणावे.

नमुन्याचे उत्तर आले. मूत्रपिंडात एरोमोनास होता, आणि पाण्यात विषाचा अंश आढळला नाही. मी पुन्हा तळ्यावर गेलो आणि पाळीवरच सभा बसविली. समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षाला विचारले, दुखणे सुरू होण्यापूर्वी तळ्यात काय काय केले? तो प्रामाणिक होता. त्याने सांगितले की बोटुकली स्वस्त मिळाली म्हणून ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट सोडली होती. रब्बीच्या धानासाठी तळ्याचे पाणी काढल्यामुळे ते उतरले होते. आणि मासे किती वाढले ते पाहावे म्हणून थंडीच्या ऐन कडाक्यात, दुखण्याच्या आठ-दहा दिवस आधी, सगळ्या तळ्यातून मोठे जाळे ओढले होते. मासे तोलले आणि परत सोडले.

जाळ्यात घासलेल्या माशाच्या अंगावर काय उरते, हे मला आता ठाऊक होते. मी ते त्यांना सांगितले. तट, पहारेकरी, गारठलेला कारखाना, सगळे सांगितले, आणि दप्तरखान्याची गोष्टही. म्हातारा बराच वेळ पाण्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, “म्हणजे साहेब, आम्हीच.” मी म्हणालो, तसे सिद्ध करता येणार नाही, जाळ्याविना ते वाचलेच असते असे कोणी लिहून देणार नाही. त्याचे डोळे भरले नाहीत, आणि त्याने माफीही मागितली नाही. त्याने विचारले, “पट्ट्याचे पैसे माफ होतील का?” बीज उधारीवर घेतलेले होते, आणि सतरा घरे त्या तळ्यावर होती. विष ठरले असते तर एक अपराधी मिळाला असता आणि त्याच्याकडून भरपाईची आशा धरता आली असती. दुखण्याकडून काय वसूल करणार? विषाचा कागद त्यांनी इतक्या घाईने का केला, ते मला तेव्हा उमगले. पट्ट्याचा एक हप्ता पुढे ढकलण्याची शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. माफी मिळाली नाही.

पुढच्या आषाढात समितीने बोटुकली मोजून सोडली, आणि सोडण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात बुडवून घेतली. थंडीत जाळे ओढले नाही. त्या मुलाविरुद्धची तक्रार निकालात निघाली, आणि त्याच्या गुरांना तळे मोकळे असल्याचे पंचायतीने लिहून दिले. वर्षाने त्या बाजूस जाण्याचा योग आला तेव्हा मी मुद्दाम चौकशी केली. तो अजूनही गुरे कालव्यावरच नेत होता. कारण विचारले तर म्हणाला, जनावरांना आता तिकडची सवय झाली आहे.